आप्पांचा तोरणमाळचा संप

आमच्या शहाद्याच्या गल्लीत लग्न ठरलं की लोक आधी आचारी ठरवतात आणि मग आप्पांची समजूत काढतात. व्हिडिओवाल्याला वेळेवर जेवण मिळालं नाही, तर आप्पा ऐन मंगलाष्टकांत कॅमेऱ्यासमोर मांडी घालून बसतात. माझ्या पुतणीच्या लग्नाच्या व्हिडिओत अंतरपाट दिसत नाही, आप्पांची पाठ दिसते.

आप्पा माझे शेजारी. मुंबईत बरीच वर्षं मालिकांचे सहायक दिग्दर्शक होते. आता जिल्ह्यातल्या दिग्दर्शक आणि सहायकांच्या युनियनचे अध्यक्ष. सभासद तीन: आप्पा, लग्नाचे व्हिडिओ काढणारा राजू आणि शूटिंगला सहायक म्हणून जाणारी, मोलगी गावची कविता. कोणी हसलं की आप्पा म्हणतात, "युनियन शे भाऊ, भिशी नही." बैठकीत रीतसर मतदान होतं आणि आप्पा बहुतेक वेळा हरतात.

मागच्या हिवाळ्यात तोरणमाळला एका मालिकेचं शूटिंग आलं. गावकऱ्यांना त्यांच्या बोलीत समजावून गर्दी उभी करायचं काम कविताकडे होतं. पण भागाच्या शेवटी येणाऱ्या नावांत तिचं नाव घालायला मालिकावाले तयार नव्हते. आप्पांनी संप पुकारला. राजूला लग्नाचं काम होतं, म्हणून त्यांनी मला जीपमध्ये कोंबलं. घाटात ते घोषणा पाठ करत होते आणि मी जीपचा दांडा धरून बसलो होतो.

वर पोचताच आप्पा कॅमेऱ्यासमोर जाऊन बसले. दिग्दर्शकाला वाटलं, गर्दीतलाच म्हातारा आहे. त्याने आप्पांना फेटा बांधवला आणि पुढे बसवलं. 'ॲक्शन' ऐकताच आप्पांची जुनी सवय जागी झाली. ते घोषणा विसरून शॉट संपेपर्यंत गुमान बसले.

दिग्दर्शक खूश झाला आणि पुढच्या शॉटची तयारी करू लागला. तेव्हा आप्पांनी फेटा सोडायला घेतला.

"पोरनं नाव टाका," ते म्हणाले. "नहीतर तुमना हाऊ शॉट मन्हाबिगर जुळाव नही."

फेटेवाला म्हातारा एका शॉटमध्ये आहे आणि पुढच्यात गायब, असं चालणार नव्हतं. दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला आणि मागणी मान्य केली.

तो भाग लागला त्या संध्याकाळी सगळी गल्ली आप्पांचा फेटा बघायला त्यांच्या घरी जमली. आप्पा मात्र शेवटच्या नावांची वाट बघत होते. कविताचं नाव आलं आणि सरकन गेलं. मी सहज विचारलं, तुमचं नाव किती मालिकांत आलं?

"एकमांबी नही," ते टीव्हीकडेच बघत म्हणाले. "मन्ही माय रोज शेवटपावत बसे. तिले वाचता येत नव्हतं, म्हनीसन शेजारनी पोरले वाचाले लावे."

तेवढ्यात कविताचा मोलगीहून फोन आला. तिचं अभिनंदन न करताच आप्पांनी विचारलं, "तुन्ही मायनी दखं का?"

माय बघत होती, पण कविता बोटाने नाव दाखवेपर्यंत ते निघून गेलं होतं.

"सकायले हाऊ भाग परत लागस," आप्पा हळूच म्हणाले. "तिले टीव्हीजवय बसाड."