चाळीस पोहरे

रोज सकाळी साडेपाचला कुमुदताई विहिरीतून चाळीस पोहरे पाणी काढतात आणि माडाच्या मुळाशी ओतून टाकतात. त्या पाण्याची त्यांना गरज नाही. घरात नळ आहे, नळाला पंपाचं पाणी आहे. माडालाही एवढं पाणी नको असतं. त्याच्या बुंध्याशी कायम चिखल असतो आणि शेजारच्या साळवींची डासांबद्दल तक्रार असते.

भाट्याच्या रस्त्याला लागून आमची सहा घरांची वाडी आहे. त्यातलं एक घर ताईंचं, एक माझं. ताईंचं वय त्रेसष्ट. तीन वर्षांच्या असताना पोलिओ झाला, कमरेखाली काही हलत नाही. नोकरी एका सरकारी कार्यालयाच्या टेलिफोन बोर्डावर झाली. बोर्ड गेला, ताई निवृत्त झाल्या, भाषा मात्र बोर्डावरचीच राहिली. पलंगावरून चाकाच्या खुर्चीत यायचं असलं की समोरच्याला सांगतात, "लाइनवर राहा." मग दोन्ही तळहात गादीत रोवतात, सगळं अंग उचलतात आणि खुर्चीत टाकतात. बोलणं थांबलं होतं तिथून पुढे सुरू होतं. मदतीला कोणी हात पुढे केला, तर "राँग नंबर."

पाणी काढण्याला त्या व्यायाम म्हणत नाहीत, ड्यूटी म्हणतात. विहीर त्यांच्याच अंगणात आहे. कठड्याचा वरचा थर एका बाजूने काढून घेऊन तो त्यांनी खुर्चीच्या उंचीला आणला आहे. चाकांना दोन चिरे लावायचे, कमरेला पट्टा बांधायचा आणि कप्पीवरचा दोर ओढायचा. त्याच वेळी रस्त्यावरून गाड्या किनाऱ्याकडे जात असतात.

"बघा," ताई म्हणतात, "पाय असलेले गाडीत बसून चालायला निघाले."

पूर्वी हे पाणी लागायचं. पाच घरांच्या कळश्या संध्याकाळीच कठड्यावर येऊन बसत आणि पहाटे ताई त्या ओळीने भरत. कोणती कळशी कोणाची, हे त्यांना पोच्यांवरून कळे. कळशी घासलेली नसली की त्या घराचा उद्धार होई. सातपर्यंत जो तो येऊन आपली कळशी उचले आणि जाता जाता दोन बोलणी खाई.

दोन वर्षांपूर्वी ताई भाचीच्या लग्नाला चार दिवस राजापूरला गेल्या. ताईंनी या वयात दोर ओढणं बरं दिसत नाही, असं वाडीच्या बैठकीत ठरलं. मीही हात वर केला. चार दिवसांत विहिरीवर पंप बसला, घरोघर नळ गेले, कप्पी उतरवली गेली, विहिरीवर लोखंडी जाळी आली आणि जाळीला कुलूप. ताई परत आल्या तेव्हा अंगणात खुर्च्या मांडलेल्या होत्या. त्यांना शाल आणि श्रीफळ देण्यात आलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांना गहिवरून आलं, असा वाडीने अर्थ लावला.

मी आमच्या दैनिकात बातमी लिहिली. 'दिव्यांग भगिनीचे कष्ट संपले.' पाच ओळी.

दुसऱ्या दिवशी कचेरीत फोन आला. आमची कचेरी पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. ताई खाली रस्त्यावर होत्या. मी खाली गेलो.

"अहो बातमीदार, कष्ट संपले हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी वाडीतल्या लोकांचं नाव घेतलं.

"मला विचारलंत?"

विचारलं नव्हतं. वीस वर्षं मी नवख्या वार्ताहरांना सांगत आलो आहे की ज्याच्याबद्दल बातमी आहे त्याला आधी विचारा.

"आणि दिव्य काय आहे माझ्यात, तेही छापा एकदा," ताई म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच्या खांद्यावर थाप मारली. "हे माझे पाय. दिवसातून वीस वेळा मला हे उचलतात. हे बसले की मी बसले. मग मला उचलायला कोण येणार? तुमचा पंप?"

त्यांना खुलासा छापून हवा होता. संपादक म्हणाले, बातमीत चूक काय आहे? मी वाद घातला नाही. खुलासा छापला गेला नाही.

पंप बसल्यानंतर पाचव्या आठवड्यात ताई पलंगावरून खुर्चीत येताना खाली पडल्या. खांद्यांनी भार घेतला नाही. दूधवाला येईपर्यंत दीड तास त्या फरशीवर होत्या. त्याने वाडीला हाक मारली. साळवी धावत आले आणि उचलता उचलता म्हणाले, "तरी बरं ताई, पाण्याचे कष्ट वाचवले तुमचे."

त्यावर ताई जे बोलल्या ते छापता येणार नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी वेल्डर बोलावला, जाळी कापून घेतली, कप्पी पुन्हा चढवली. सुरुवात सहा पोहऱ्यांनी झाली. चाळिसावर यायला चार महिने लागले. वाडीचं मत पडलं की ताईंना चांगलं केलेलं बघवत नाही. कळशी मात्र कोणी ठेवली नाही. घरात नळ होता. माझ्याही.

गेल्या महिन्यात मला पहाटेची राजापूर गाडी पकडायची होती. ताईंच्या कुंपणाजवळून जाताना पोहऱ्याचा आवाज आला म्हणून पाहिलं. कठड्यावर पाच भांडी ओळीने मांडलेली होती. लोणच्याची बरणी, पत्र्याचा डबा, कुकर, दुधाचं पातेलं, प्लास्टिकची बादली. ताई एकेक भरत होत्या आणि प्रत्येक भांड्याशी बोलत होत्या. बरणीला म्हणाल्या, "साळवी, सुनेला सांगा, कळशी घासायची असते." सगळी भरून झाली. मग त्यांनी ती एकेक करून माडाला ओतली आणि पुन्हा ओळीने मांडली.

मी हाक मारली नाही. गाडी मिळाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माळ्यावरून आमची तांब्याची कळशी काढली आणि कठड्याच्या टोकाला नेऊन ठेवली. सकाळी साडेसहाला आणायला गेलो. कळशी टोकाला नव्हती. ती ओळीत तिसरी होती, काठोकाठ भरलेली. कुकर बाजूला काढलेला होता.

ताई पट्टा सोडत होत्या. माझ्याकडे पाहिलं नाही.

"हिरवी पडलीय. चिंच लावून घासा," त्या म्हणाल्या. "आणि तो कुकर आत नेऊन ठेवा. मला भात लावायचाय."