मशीनले भूक लागते का जी?

दातावर बसवलेली नवी कॅप नीट टेकते का, हे बघायला सगळे दंतवैद्य पेशंटला निळा कागद चावायला देतात. आमचे डॉ. मेश्राम भाकरी देतात. आपल्या डब्यातली, ज्वारीची, वर जवसाची चटणी. पेशंटला शेजारी बसवून स्वतःही जेवतात आणि त्याच्या जबड्याकडे टक लावून बघतात.

पुण्यातल्या एका दंत महाविद्यालयात आम्ही दोघं एकाच खोलीत संशोधन करतो. कॅप आणि ब्रिज कशाचे करावेत, त्यांचा आकार कसा असावा, हाच दोघांचा विषय. माझ्याकडे चावण्याचं मशीन आहे. ते दिवसभर माझ्या झिर्कोनियाच्या, म्हणजे कडक सिरॅमिकच्या, दातांवर आपटत असतं आणि मी आलेख काढते. देखणे आलेख! मेश्राम येतात, बघतात आणि आपल्या भंडारा जिल्ह्याच्या सुरात विचारतात, "पण मॅडम, मशीनले भूक लागते का जी?"

अस्सा संताप येतो! कारण पेशंट सगळे त्यांच्यावरच खूश. खराडीचा आयटीवाला शेंगदाणे फोडत ओरडतो, "सर, लिटरली महिनाभर ओट्सवर होतो!" मांजरी गावच्या आजी ऊस घेऊन येतात. "बगा डॉक्टर, कसा पक्का हाय!" माझेही दात पक्केच असतात हो. पण माझे पेशंट "थँक यू मॅडम" म्हणून थेट जिन्याकडे वळतात.

आणि जेवायला? मला एकदाही विचारलं नव्हतं. हातभर अंतरावर मी गपचूप पोळी-भाजी खायची आणि तिकडून चटणीचा वास. एकदा न राहवून विचारलं, "आम्हाला प्रवेशबंदी आहे का?"

"तुमचे दात अस्सल आहेत, मॅडम. तपासू तरी काय?"

मग एकदा चिक्की खाताना माझी दाढ तुटली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. कॅप मेश्रामांनीच केली. झिर्कोनिया माझं, आकार त्यांचा. आठवड्यानं म्हणाले, "उद्या डबा आणू नका." मी चक्क ठेवणीतली साडी नेसून गेले.

त्यांनी दोन ताटल्या मांडल्या. मी चावत होते, पण हा माणूस माझ्या जबड्याकडे बघेचना. खाली मान घालून जेवत होता.

"अहो, तपासा की!"

"ते कालच कागदावर पाहून घेतलं."

"म्हणजे भाकरीनं काही कळत नाही?"

"काय कळणार? एकट्यापुरतं रांधता येत नाही मले. पेशंट नसला, तर उरलेलं रात्री खातो." चटणी माझ्याकडे सरकवत ते पुटपुटले, "पेशंट 'नाही' म्हणत नाही. तुम्हाले कोणत्या निमित्तानं बोलवावं, तेच सुचत नव्हतं."

मी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली. कॅप तपासायला नव्हे.

दुसऱ्या दिवशी मांजरीच्या आजी आल्या. मेश्रामांनी त्यांना नेमकं कालच्या माझ्या खुर्चीवर बसवलं. माझा इतका जळफळाट झाला की मी स्टूल ओढलं, माझी पोळी-भाजी मधोमध ठेवली आणि आजींच्या आधी भाकरीला हात घातला.