पोटातले पहिले भाडेकरू

तुम्ही बाळाचे पेढे घेऊन शेजारी गेलात आणि शेजारणीनं पेढ्याआधी बाळाचा लंगोट मागितला, तर तुम्ही काय कराल?

वाडीतल्या आमच्या घरमालकीण कुसुमकाकू तोच मागतात. "पेढा राहू दे वं. शी कोणत्या रंगाची झाली?" चष्मा कपाळावर ढकलून त्या लंगोट उजेडात धरतात. "काळी गेली, हिरवी आली. आता पिवळी पाहिजे."

काकू पूर्वी बाळंतिणींच्या वॉर्डात आया होत्या. आता गोदामांमागच्या चार खोल्या ट्रकवाल्यांना भाड्यानं देतात. दोन्हीकडे तत्त्व एकच. "बाळाचं पोट म्हणजे नवी चाळ. जंतू तर येतेतच, त्याईले कोण अडवते? पण पहिले भाडेकरू मायच्या अंगाचे, मायच्या दुधाचे पाहिजे. ते बसले का गुंडाले खोली भेटत नाही." खोली बघायला आलेल्या ड्रायव्हरची त्या तासभर उलटतपासणी घेतात. दारू पितो का, माय कुठं राहते. एकाला तर पोट साफ होतं का, हेही विचारलं.

एक मात्र खटकायचं. बाळाला त्या कधी हात लावत नसत. उंबऱ्याबाहेरूनच बोलत. मला तो तोरा वाटे.

मग माझी बहीण माया सिझेरियन होऊन घरी आली. पाचव्या दिवशी बाळ नुसतं झोपून होतं. दूध ओढेना, दोन दिवस शी नाही, लंगोट जेमतेम ओला. मायाला धीर देऊन मी मोरीत जाऊन रडत होते.

काटोलहून आत्या आली होती. आमच्यात घरातल्या हुशार माणसानं सोन्याची अंगठी मधात बुडवून बाळाला चाटवायची, म्हणजे त्याचे गुण बाळाला लागतात. आत्यानं मला निवडलं. "तू शिकलेली. चाटव, पोटही साफ होईल."

चौकात उभी राहून असल्या रूढींविरुद्ध पत्रकं वाटणारी मी. मी अंगठी मधात बुडवली. इतकी घाबरले होते.

मनगटावर पकड बसली. काकू पहिल्यांदाच घरात आल्या होत्या. "लंगोट?"

"शी नाही. दोन दिवस."

"मध नाही. ऑटो बोलाव."

आत्या भडकली. "तुम्ही कोण वं सांगणाऱ्या? आमच्या सगळ्या पोराईले चाटवला. मेलं का कोणी?"

"माझी मेली," काकू म्हणाल्या. "दोन महिन्याची होती. मीच रोज चाटवत होती. शी बंद झाली, मी कोणाले विचारलं नाही. मंग रडणं बारीक झालं. मान पडली."

आत्यानं माझ्या हातातली अंगठी काढून घेतली. मी ऑटो आणली.

डॉक्टर म्हणाले, दूध पुरत नाही. उठवून, दर दोन तासांनी पाजा. वर्षभर मधाचं बोट लावू नका; मधातल्या एखाद्या जंतूला बाळाच्या पोटात जागा मिळाली, तर त्याचं विष अंग लुळं करतं.

दोन दिवस आम्ही घड्याळ बघत काढले. तिसऱ्या दुपारी मी लंगोट घेऊन काकूंकडे पळाले. मोहरीसारखा पिवळा. काकूंनी तो उजेडात धरला.

"आले वं. मायचे भाडेकरू आले."

बराच वेळ त्यांनी लंगोट खाली ठेवला नाही.

तुमच्या गल्लीतही अशी एखादी असेल. तिला हसू नका. मधाची बाटली फडताळात ठेवा आणि लंगोट दाखवा. मग बाळ तिच्या मांडीवर द्या. ती नको म्हणेल, हात मागे घेईल. तरी द्या.