बिनहँडलचं स्वयंपाकघर

ज्या माणसाला स्वतःच्या घरात चमचे कुठे ठेवतात हे ठाऊक नाही, त्याने स्वयंपाकघराची दारं निवडायला जाऊ नये, असा काही कायदा नाही. नाही म्हणूनच त्रुटीसाहेब गेले.

त्रुटीसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे (आईबाप पोटच्या पोरावर इतका सूड उगवत नाहीत). ते बांधकाम परवान्यांच्या कचेरीत लोकांचे नकाशे तपासत. समोर आलेला नकाशा पहिल्या फेरीतच मंजूर करायचा म्हणजे त्यांना स्वतःचीच बेअब्रू वाटे. जिना अरुंद, खिडकी उंच, मोरीला उतार कमी, दार उघडल्यावर कुठे जाणार ते दाखवलेलं नाही. काही ना काही निघायचंच. मग लाल शाईने 'त्रुटी' असं लिहून, खाली दोन रेघा ओढून, ते कागद परत करत आणि समोरच्याचा चेहरा पडला की समाधानाने चहा मागवत. कचेरीने आपल्याला हे नाव आदरापोटी दिलं आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

तर झालं असं, की ओट्याखालच्या कपाटाचं दार एके दिवशी त्यांच्या बायकोच्या हातात आलं. बिजागरीसकट. त्या कपाटाशी तिची झटापट जुनीच होती. हवं ते भांडं नेमकं मागच्या रांगेत असायचं. मग गुडघे टेकायचे, डोकं आत घालायचं, पुढची सगळी भांडी बाहेर काढायची आणि कमरेवर हात ठेवून उठायचं. त्या कमरेने आता राजीनामा दिला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि सांगितलं होतं, वाकणं बंद.

"अहो," ती म्हणाली, "मिस्त्रींना सांगून एवढी बिजागरी बसवून घ्या. आणि जमलं तर खाली ट्रॉल्या करून घेऊ. धाकटीकडे केल्यात तशा. ओढलं की सगळं बाहेर येतं. मला आता वाकवत नाही हो."

एवढंच. एखादा साधा नवरा असता तर मिस्त्रीला फोन करून मोकळा झाला असता. पण या वाक्यात 'धाकटीकडे' हा शब्द होता. धाकटी म्हणजे बायकोची बहीण, आणि धाकटीचा नवरा म्हणजे साडू. ज्याच्याकडे बघितलं की आपला पगार, आपली उंची आणि आपले केस एकदमच कमी वाटू लागतात, असा एक नातेवाईक प्रत्येकाला असतोच. साडूने गेल्या वर्षी स्वयंपाकघर नवं केलं होतं. नक्षीदार चौकटींची दारं, पितळी मुठी, गुळगुळीत ट्रॉल्या. ते बघून आल्यापासून त्रुटीसाहेब जमेल तिथे सांगत होते की ती कपाटं नसून नाटकाचं नेपथ्य आहे.

"नुसत्या बिजागरीने काय होणार?" ते म्हणाले. "याचा समग्र विचार करावा लागेल."

बायकोने निखळलेलं दार भिंतीला टेकवून ठेवलं. लग्नानंतर नवऱ्याने केलेले समग्र विचार तिने पाहिले होते.

शोरूममध्ये दारांचे नमुने भिंतीवर ओळीने टांगले होते. तिथली बाई अदबीने एकेक दाखवत होती आणि साहेब एकेक नापास करत होते. चौकटीचं दार बघून म्हणाले, खाचेत धूळ बसेल. काचेचं बघून म्हणाले, आतला पसारा जगाला कशाला दाखवायचा? झडपांचं बघून त्यांना कुठल्याशा गोदामाची आठवण झाली. पितळी मुठींच्या नमुन्यापाशी तर ते मुद्दाम थांबले आणि नाक मुरडून पुढे गेले. मुठी साडूच्याच होत्या.

बायको तिकडे एका ट्रॉलीपाशी उभी होती. तिने करंगळीने मूठ ओढली. ट्रॉली आवाज न करता बाहेर आली, शेवटच्या भांड्यापर्यंत. तिने ती आत लोटली, पुन्हा ओढली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते साहेबांनी बघितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण साहेब तेव्हा एका पांढऱ्याशुभ्र, सपाट, चकाकत्या पृष्ठभागापुढे हात मागे बांधून उभे होते. त्याला चौकट नव्हती, खाच नव्हती, मूठ नव्हती. त्यात त्यांना फक्त स्वतःचा चेहरा दिसत होता.

"हे उघडतं कसं?" त्यांनी विचारलं.

"नुसतं दाबायचं सर," ती बाई म्हणाली. "बोट लावलं की आपोआप बाहेर येतं. हल्ली खूप मागणी आहे."

"बघ," साहेब बायकोला म्हणाले. "याला म्हणतात डिझाइन. हँडल म्हणजे काय, भिंतीला आलेली पुटकुळी."

"पण हात पिठाचे असले की?"

"कोपराने दाबायचं."

"आणि चुकून धक्का लागला तर?"

"चुकून धक्का लागतोच का? माणसाने स्वयंपाकघरात जरा शिस्तीने वावरावं."

हे वाक्य ज्याने उच्चारलं त्याने आजवर स्वयंपाकघरात पाणी पिण्यापलीकडे काहीही केलेलं नव्हतं. तेही बऱ्याचदा बाहेर मागवून. पण उंटावरून शेळ्या हाकायला शेळ्यांची ओळख लागत नाही, उंट असला की पुरतो.

मग नकाशा. तो दुसऱ्या कोणाला काढू देणं शक्यच नव्हतं. सुट्टीचा अख्खा दिवस त्यांनी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून काढला (जेवणं त्या दिवशी मांडीवर ताटं घेऊन झाली). स्वयंपाकघर म्हणजे एक अरुंद बोळ. दोन्ही बाजूंना ओटे, मध्ये वाट, टोकाला खिडकी. त्यात त्यांनी ट्रॉल्या अशा बसवल्या, की एक इंच वाया गेला नाही. डावीकडे छतापर्यंत पोचणारी एक उंच ट्रॉली, तारांच्या कप्प्यांची, बाहेर ओढली की सगळे डबे दोन्ही बाजूंनी दिसावेत अशी. समोर, खिडकीच्या बाजूला, तव्या-पातेल्यांची रुंद ट्रॉली. कागदावर सगळं बंद होतं आणि बंद असताना फार सुंदर दिसत होतं. हाच कागद दुसऱ्या कोणी त्यांच्या कचेरीत आणला असता तर त्यांनी त्याला लाल शाईने आंघोळ घातली असती. पण तो त्यांचाच होता. आपला तो बाळ्या.

बायकोने कागदावर वाकून (वाकू नको सांगितलं होतं तरी) बोट ठेवलं. "ही उंच बाहेर आली की वाट कुठे राहते?"

"ट्रॉली ही बाहेर काढून ठेवायची वस्तू नव्हे. काम झालं की आत."

"आणि समोरची त्याच वेळी उघडली तर?"

"एका वेळी एक काम करावं. घाई कसली असते तुम्हा बायकांना?"

मिस्त्रीला विचारलं तर तो म्हणाला, "होऊन जाईल साहेब." तो प्रत्येकच गोष्टीला असं म्हणत असे. शेजाऱ्यांच्या बाल्कनीचं छप्पर त्यानेच बसवलं होतं आणि ते खाली आलं तेव्हाही तो होऊन जाईल म्हणाला होता.

झालं खरंच. पांढरंशुभ्र, सपाट, दवाखान्यासारखं. साहेब रोज संध्याकाळी कचेरीतून आले की बूट न काढता दारात उभे राहून ते बघत. आत मात्र वेगळाच खेळ चालला होता. माणूस ओट्यापाशी उभा राहिला की त्याचं पोट ओट्याला लागतं, गुडघे खालच्या दाराला लागतात. ही जगरहाटी आहे. पण इथे गुडघा लागला की दार उघडायचं आणि ट्रॉली नडगीवर यायची. बायको भाजी चिरायला लागली की चमच्यांची ट्रॉली तिला भेटायला बाहेर. ती बंद करायला वळावं तर मागे समोरची उघडी. शेवटी तिने एक युक्ती काढली. ओट्यापासून हातभर लांब उभं राहायचं आणि कमरेतून पुढे वाकून काम करायचं. म्हणजे ज्या वाकण्यासाठी हा सगळा खटाटोप, ते आधी दिवसातून चारदोनदा होतं, आता दिवसभर झालं. कमरेला पट्टा आला.

तिने एकदा सांगून पाहिलं.

"तुझी उभं राहायची पद्धत चुकते आहे," साहेब म्हणाले आणि तिला ओट्यापाशी कसं उभं राहावं ते दाखवलं. दाखवताना कप्पा त्यांच्याही गुडघ्यावर आला. ते म्हणाले, बघ, किती सहज उघडतो.

त्यानंतर तिने काही सांगितलं नाही. रडली मात्र एकदा, एकटीच, तेलाची बाटली हातात धरून. कमरेपेक्षा जास्त तिला हे लागलं होतं की ज्या खोलीत तिचं निम्मं आयुष्य गेलं, तिथे उभं कसं राहायचं हेही आता तिला शिकवलं जात होतं.

आणि साहेबांनी साडूला चहाला बोलावलं.

साडू आला, धाकटी आली. पाणी प्यायच्या आधीच साहेब सगळ्यांना स्वयंपाकघराच्या दारात घेऊन गेले. "तू थांब इथेच," ते बायकोला म्हणाले. "मी दाखवतो. तू मध्ये आलीस की गोंधळ होतो."

बायको थांबली. शेगडी दारालगतच होती. ती शेगडीशी टेकून उभी राहिली.

साहेब खिडकीपर्यंत चालत गेले, वळले, आणि उजव्या हाताच्या एका बोटाने उंच ट्रॉलीला स्पर्श केला. ट्रॉली निघाली. डब्यांच्या सगळ्या मजल्यांसकट ती वाट ओलांडून पलीकडच्या ओट्याला जवळजवळ टेकली. साहेब पलीकडे, पाहुणे अलीकडे.

"एक बोट," साहेब तारांमधून म्हणाले. "तुमच्याकडे ओढावं लागतं ना अजून?"

"हो, ओढावं लागतं," साडू म्हणाला.

"आता ही बघा." त्यांनी समोरची रुंद ट्रॉली दाबली. तीही दिमाखात निघाली आणि तिच्यातल्या तव्याचा लांब दांडा उंच ट्रॉलीच्या तारांमध्ये शिरून पलीकडे बाहेर आला. दाराला कडी बसावी तसा बसला. साहेबांनी रुंद ट्रॉली आत ढकलली. ती उंच ट्रॉलीला ओढू लागली. उंच आत ढकलली, तर ती रुंद ट्रॉलीला ओढू लागली. एकीला डावीकडे जायचं होतं, दुसरीला उजवीकडे, आणि दांडा कोणालाच सोडेना. त्यांनी एखादं हँडल धरून नेट लावून बघितलं असतं, पण हँडल कुठे होतं?

"काय झालं?" साडूने विचारलं.

"काही नाही. लॉकिंग सिस्टीम आहे."

"तो दांडा अडकलाय," बायको शांतपणे म्हणाली. "खाली वाका आणि तवा उचला."

साहेब वाकले. वाकताक्षणी त्यांची मागची बाजू खिडकीजवळच्या दाराला लागली. दार उघडलं आणि मागून गुडघ्यांवर बसलं. साहेब ताठ झाले. पोटाने पुढचा कप्पा दाबला गेला, तो उघडून मांडीत रुतला. तो बंद करायला वळले तर कोपराने वरचं. थोड्याच वेळात त्यांच्याभोवती जे जे उघडण्यासारखं होतं ते उघडलं होतं आणि मधल्या जागेत त्रुटीसाहेब उभे होते, काठीसारखे सरळ.

"वाका ना," बायको म्हणाली.

"वाकवत नाही," साहेब म्हणाले.

बायकोच्या चेहऱ्यावर शोरूममधलं ते काहीतरी परत आलं.

साडू बाह्या सावरत पुढे झाला. "थांबा, मी तारांमधून हात घालून बघतो."

"छे, छे," बायको म्हणाली. "पाहुण्यांनी कशाला वाकायचं? तुम्ही बसा बाहेर. आधी चहा होऊ दे. आणि मला तर डॉक्टरांची मनाईच आहे."

"अगं, पण मी..."

"तुम्ही उभेच आहात ना नाहीतरी? मग चहाचा डबा द्या. उजवीकडे वर."

साहेबांनी चहाचा डबा शोधला. आधी मिठाचा सापडला, मग नुसत्याच झाकणांचा, मग चहाचा. तारांमधून तो अलीकडे आला. मग साखर. मग कप. "ते नाहीत, चांगले, मागचे." मग बशा. बायको शेगडीपाशी सरळ उभी होती, कमरेचा पट्टाही तिने सैल केला होता. तिने फक्त हात पुढे करायचा आणि वस्तू हातात यायची. बिस्किटांसाठी साहेबांनी जरा कुरकुर केली, पण तीही आली.

धाकटी कप घेऊन दारात येऊन उभी राहिली. दोन-तीन वस्तू तिच्यासमोरच पलीकडून अलीकडे आल्या.

"ताई, आमच्याकडे सगळं आहे गं, पण अशी ट्रॉली नाही," ती म्हणाली. "मागशील ते हातात. कुठून आणलीस?"

"आणते कुठली? जुनीच आहे," बायकोने चहाचा घोट घेत सांगितलं. "लग्नात मिळालेली. इतकी वर्षं जाम होती, आज पहिल्यांदा चालली."

मग तिने साखरेचा डबा तारांमधून पलीकडे धरला. "जागेवर ठेवा," ती म्हणाली, आणि ट्रॉलीने तो निमूटपणे ठेवला.