खड्डा सोडून सगळीकडे

मुलाबिन गावच्या वाचनालयातली एकही व्हिडिओ कॅसेट कचऱ्याच्या खड्ड्यात जाणार नाही, असं ग्रंथपाल ग्लेनिसनं भर नगरसभेत छातीठोकपणे सांगितलं. कॅसेटींनी मागची अख्खी खोली अडवली होती, आणि त्या लावायचं यंत्र गावात कुणाकडेच उरलं नव्हतं.

शहरातला भंगारवाला प्लास्टिक न्यायला तयार झाला, पण आतली फीत काढून द्या म्हणाला. ग्लेनिस रोज दुपारी स्क्रू काढत बसली. प्लास्टिक गेलं. काळ्या फितीचा ढीग मात्र गवताच्या गंजीसारखा मागं राहिला.

बदामाची बाग असलेला मर्व्हिन पेपर वाचायला आला आणि तो ढीग बघून थबकला.

"हे मला दे. झाडांवरून ताणून बांधतो. वाऱ्यानं फीत गुणगुणते, बदाम खायला येणारे काकाकुवे घाबरून पळतात."

"नक्की पळतात?"

"माझ्या बापाच्या बागेतले पळायचे."

ग्लेनिसनं त्याला स्वतः पोती भरून दिली.

बापाच्या वेळचे काकाकुवे भित्रे असावेत. आताच्यांनी आधी लांबून न्याहाळलं, मग फीत चोचीनं ओढून पाहिली. मजा आहे असं ठरल्यावर अख्खा थवा फिती घेऊन गावात शिरला. युद्धस्मारकावरच्या दगडी शिपायाला मफलर मिळाला, चर्चच्या मनोऱ्याला झिपऱ्या आल्या. पबच्या दारात तर इतकी फीत लोंबली की आतली दोन गिऱ्हाइकं पडदा बाजूला सारत सारत बाहेर आली.

नगराध्यक्ष कॉलिनचा फोन आला.

"ग्लेनिस, माझ्या छपरावर बहुतेक मेंढ्या कातरायच्या शिकवणीची फीत पसरलीय. वर दोन काकाकुवे बसलेत."

"पण कॉलिन, खड्ड्यात काही गेलं नाही."

"नाही ना. तुझा शब्द खरा झाला. खड्डा सोडून सगळीकडे आहे."

ग्लेनिस शरमेनं अर्धी झाली. तिनं दारावर पाटी लावली: सापडेल ती फीत शनिवारी वाचनालयात आणून द्यावी.

मुलाबिनचे लोक तसे गुणी. शनिवारी रांग लागली. प्रत्येकाच्या एका हातात फितीचं भेंडोळं होतं, आणि दुसऱ्या हातात, येतोच आहोत तर, घरच्या गॅरेजमधलं कॅसेटींचं खोकं. बारशी, वाढदिवस, क्रिकेटचे सामने. मागची खोली भरली, मग व्हरांडा भरला.

सगळ्यात शेवटी एनिड आजी आल्या. त्यांनी एकच कॅसेट टेबलावर ठेवली.

"यात माझं लग्न आहे. नीट विल्हेवाट लाव हो."

"अहो आजी, लग्नाची आठवण आहे, असू द्या की घरात," ग्लेनिस काकुळतीला येऊन म्हणाली.

"आठवण बाहेर गाडीत बसलीय. हवी असेल तर तिलाही उतरवते."

ग्लेनिसनं खिडकीतून पाहिलं. गाडीतल्या म्हाताऱ्यानं आशेनं हात हलवला.

तिनं लगेच कॅसेट तेवढी ठेवून घेतली.