गायकवाडसाहेबांचं लिनक्स

आमच्या सोसायटीतल्या गायकवाडसाहेबांच्या गळ्यात चष्म्याची दोरी असते, पण तिला चष्मा नसतो, पेनड्राइव्ह असतो. चष्मा ते घरभर शोधत असतात. त्या पेनड्राइव्हमध्ये लिनक्स ही फुकटातली ऑपरेटिंग सिस्टीम आहे आणि कुठलाही म्हातारा कॉम्प्युटर तिने तरुण होतो, असं त्यांचं म्हणणं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी निम्म्या कात्रजचे कॉम्प्युटर तरुण केलेत.

कॉम्प्युटर घेऊन गेलात की दारातच विचारतात, "बॅकअप घेतलाय, की नुसतेच आलात?" गुरुवारी ते पेनड्राइव्हला हात लावत नाहीत. तो दिवस वीजवाल्यांचा, अर्ध्यात लाइट गेले तर काय घ्या! इतर दिवशीही आधी वरच्या-खालच्या मजल्यांवर सांगून येतात, "तासभर मिक्सर लावू नका." जोशीकाकूंनी एकदा विचारलं, मग चटणीचं काय करू? "उद्या खा," म्हणाले.

माझ्या लॅपटॉपच्या वेळी पडद्यावर 'डिस्क पुसायची का?' असं आलं. म्हटलं, "साहेब, जरा थांबा." "थांबून काय, मुहूर्त काढायचाय?" म्हणत त्यांनी बटण दाबलंसुद्धा.

त्यामुळे गेल्या रविवारी त्यांनी मला मुद्दाम शेजारी बसायला बोलावलं, तेव्हा मी चकितच झालो. समोर त्यांच्या पत्नीचा, शालिनीवहिनींचा, कॉम्प्युटर होता. वहिनी गेल्या वर्षी गेल्या. त्यांच्यामागे तो सारखा बंद पडत होता, आज ना उद्या कायमचा बसला असता. पडद्यावर तोच प्रश्न होता आणि साहेब माउस धरून बसले होते, बटण काही दाबत नव्हते.

"बॅकअप घेतलाय ना?" मी विचारलं.

"दोनदा. तिच्या पाककृती, बुद्धवंदना, नातवाचे फोटो, सगळं आहे." मग हळूच म्हणाले, "तुम्ही दाबता का?"

मी दाबलं. पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. साहेब उठून प्लग चाचपून आले, बसले, पुन्हा उठले. "लाइट नाही ना जाणार?"

"रविवार आहे, साहेब." धीर मी देत होतो खरा, पण प्लगकडे माझंही लक्ष होतं.

शेवटी नवा कोरा पडदा आला. बॅकअपमधलं सगळं परत आलं, काही हरवलं नव्हतं. तरी साहेबांचा चेहरा उतरलेलाच.

"पडद्यावर नुसता पसारा असायचा तिचा. एक फाइल सरळ नाही. जन्मभर ओरडलो, आवर म्हणून." त्यांनी माउस पुढे ओढला. "बॅकअपमध्ये तो पसारा नाही येत हो."

मग त्यांनी एकेक फाइल ओढून पडद्यावर मांडायला घेतली. स्वयंपाकघरातले डबेसुद्धा उंचीने लावणारा हा माणूस. "खीर इथे... नाही, जरा खाली. वंदना या कोपऱ्यात." मदत म्हणून मी एक फाइल ओढली आणि सवयीने ओळीत लावली.

त्यांनी माझा हात अलगद बाजूला केला. "राहू द्या," म्हणाले, "ती तिरकी ठेवायची."