बिनउंबरठ्याचं घर

हिंगोलीत आमच्या समोर राहणाऱ्या रामधनकाकांनी एका सकाळी सुताराला बोलावलं आणि स्वतःच्या घराचा उंबरठा कापून काढला. चांगला सागवानी, कुठे कीड नाही, चीर नाही. कारण विचारलं तर म्हणाले, "यंत्रमानव येऊन राहिला. त्याला पाय नसतात, चाकं असतात. दारातच अडकून पडला तर?"

यंत्रमानव कुठून येणार, कधी येणार, त्याला आमची गल्ली कोण दाखवणार, हे विचारायचं नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या गल्लीत तेव्हा पाण्याचा टँकर हजारदा बोलावूनसुद्धा येत नव्हता.

"येऊन राहिलं!" हा काकांचा तकिया कलाम. तहसिलीत कारकून होते, पण मन कायम पुढच्या शतकात. पेपरातली शास्त्राची बातमी वाचली की ती त्यांच्या लेखी वारंगा फाट्यापर्यंत पोचलेली असायची. डॉक्टर मुंबईत बसून हिंगोलीच्या माणसाचं ऑपरेशन करतील? येऊन राहिलं. घर आपणहून झाडलं जाईल? येऊन राहिलं. मूळचे ते साखऱ्याकडच्या तांड्यावरचे. "आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरले," ते सांगायचे. "माणसाच्या डोक्यावरचं ओझं बैलानं घेतलं, बैलाचं ट्रकनं. आता खुद्द माणसालाच यंत्र उचलून नेईन. सरळ गोष्ट हाय, सूनबाई."

सूनबाई म्हणजे मी. परभणीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापर्यंत जाऊन तिथूनच माघारी आलेली. पण ट्रंकेत फिजिक्सचं पुस्तक घेऊन सासरी आले होते. ते उघडायची मला कधी गरज वाटली नाही, इतका माझा शास्त्रावर विश्वास! गल्लीतल्या बायका मला काकांची परीक्षक मानायच्या आणि मीही मानून घ्यायचे. एकदा काका म्हणाले, फोन खिशात मावेल एवढा होईल. मी पदर खोचून विचारलं, "आणि वायर? ती गुंडाळत मागून कोण फिरणार?" बायकांनी माना डोलावल्या. आज माझी नात पुण्याहून फोनमध्ये तोंड दाखवते, तेव्हा मला ती वायर आठवते आणि मी उगाचच चष्मा पुसत बसते.

काकांच्या हाताला मात्र शास्त्राचा वाराही लागलेला नव्हता. बॅटरीत सेल उलटे घालायचे. आमचा मिक्सर "जरा बघतो" म्हणून त्यांनी उघडला, तेव्हापासून मी पाट्यावर वाटायला शिकले.

त्यांची बायको सोनाकाकू अगदी उलट. शास्त्राशी देणंघेणं नाही, बोलणं नेमकं आणि तिखट. बाहीवर आरशांचा कशिदा असलेली चोळी घालून रोज दुपारी आमच्या दारात यायच्या, उंबरठा ओलांडून आत भिंतीला टेकून बसायच्या. मी चहा करायचे, त्या माझ्या स्वयंपाकाची इज्जत काढायच्या. सासरी आल्या आल्या मला सारखं रडू यायचं, ते थांबलं त्यांच्यामुळे. "रडून घे, मंग भाकर थाप. रडत थापली का फाटती," असं सांगणारं दुसरं कोण होतं?

त्या यायच्या बंद झाल्या. काका त्यांना नांदेडला दाखवून आले आणि म्हणाले, पाय मुरगळलाय. आठवडे गेले, महिने गेले. मुरगळलेला पाय एवढा वेळ घेत नाही, हे कळायला बी.एस्सी. लागत नव्हतं. तरी मला कळलं नाही. मी भेटायला जायचे तर काकू कॉटवर बसलेल्या, भर उन्हाळ्यात पायांवर गोधडी. "येत काहून न्हाई?" विचारलं की, "काम हाय बाई लई," म्हणून तोंड फिरवायच्या. मला त्यांच्याशिवाय दुपार जात नव्हती. उंबरठा कापला गेला, तेव्हा माझ्या शास्त्रीय डोक्यानं निष्कर्ष काढला की नवऱ्याच्या या खुळापायी बाईला लोकांसमोर यायची लाज वाटते.

मी सरळ काकांना गाठलं. "काका, तुमच्या यंत्रमानवापायी काकू घराबाहेर पडेनात. लोक हसून राहिले."

"हसून राहिले का?" काका एकदम खूश झाले. "बराबर! हसू द्या. अजून हसतीन."

पुढच्याच आठवड्यात संध्याकाळी गल्लीत आरडाओरडा. "सरका, सरका! यंत्रमानवाची चाचणी हाय!" मी धावत दारात आले. कनेरगाव नाक्यावरच्या वेल्डरकडून काकांनी एक गाडा करून आणला होता. हात असलेल्या लाकडी खुर्चीला खाली चाकं, मागे ढकलायला दांडा. खुर्चीत सोनाकाकू. त्यांच्या मांडीवर यंत्रमानवाचं डोकं, म्हणजे तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, त्याला डोळे म्हणून दोन बल्ब. एक लागलेला, एक मेलेला.

"अहो काका, यंत्रात बायको काहून बसवली?" कुणीतरी ओरडलं.

"वजन पाहिजे न! पुढं यानं पोतंबी न्यायचं, माणूसबी न्यायचं. तपासावं लागते!"

"ऐकलं का?" काकू म्हणाल्या. "पोतं महाग झालं म्हणून मला बसवलं!"

गल्ली पोट धरून हसली. काकूही हसल्या, बाहीवरचे आरसे लकाकले. सगळे काकांकडे बघत होते, डब्याच्या काण्या डोळ्याकडे बघत होते. डब्यामागच्या पायांकडे कुणाची नजर गेली नाही. माझी गेली. डावा पाय लाकडासारखा कलला होता आणि लुगड्याच्याच रंगाच्या चिंधीनं खुर्चीला बांधलेला होता.

गाडा आमच्या दारापर्यंत आला आणि थांबला. आमचा उंबरठा वीतभर उंच. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं. मी उचलून घ्यायला पुढे झाले. काकांनी डोळ्यांनीच दटावलं. चारचौघांत उचलून घेतलेली बाई पुन्हा कधी बाहेर येणार नाही, हे त्यांना माहीत होतं. मग मोठ्यानं म्हणाले, "आजची चाचणी इथवरच! सूनबाई, शास्त्र शिकून काय फायदा? तुमच्या घराची तयारीच न्हाई."

आणि पुन्हा "सरका, सरका!" करत गाडा वळवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुताराला बोलावलं. सासूबाई रोजच्यासारख्या उंबरठ्यावर हळदीकुंकू वाहायला आल्या आणि करवत बघून जागच्या जागी थबकल्या. याच उंबरठ्यावरचं माप लवंडून मी घरात आले होते, त्याही आल्या होत्या. लक्ष्मी घरात थांबते ती उंबरठ्यापायी, असं त्यांचं ठाम मत.

"हे काय खूळ? कशापायी?"

मी मान खाली घालून म्हणाले, "यंत्रमानव येऊन राहिलाय."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग समोरच्या दाराकडे, तिथल्या सपाट चौकटीकडे, बराच वेळ. मग कुंकवाचं बोट उंबरठ्याला शेवटचं टेकवलं आणि सुताराला म्हणाल्या, "कडा ठेवू नको रे. चाक अडकेल."

त्या दुपारी सोनाकाकू आमच्या घरात आल्या आणि पहिल्याच घोटाला म्हणाल्या, "चहा अजून तसाच पानचट हाय तुझा." मी त्यावेळी भाकरी थापत नव्हते, म्हणून रडले तरी चाललं.

पुढे काही वर्षं रोज चाचणी झाली. मग काकू गेल्या.

दहावं-तेरावं झालं आणि त्यानंतर एका दुपारी चाकांची करकर ऐकू आली. काका एकटेच गाडा ढकलत आमच्या घरात आले. खुर्चीवर पत्र्याचा डबा ठेवला होता, सरळ, पडू नये म्हणून त्याच जुन्या चिंधीनं बांधलेला. "चाकं गंजू नयेत म्हणून," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी चहा केला. सवयीनं तीन कप भरले गेले आणि तिसरा डब्यासमोर ठेवून झाल्यावर मला कळलं. काकाही त्या कपाकडे बघत राहिले.

"सूनबाई, यंत्र चहा पीत न्हाई अजून."

"पिईल," मी म्हटलं. "येऊन राहिलं, काका."

त्यांनी मान हलवली, बशीत चहा ओतला आणि डब्याच्या न लागणाऱ्या डोळ्यावरची धूळ पंच्यानं पुसून काढली.